नारळाच्या दुधाची साक्ष

दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून आपण परक्या ठिकाणी घास तोंडात घालतो, तेव्हा केवढी मोठी गोष्ट घडत असते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ज्ञानाचे जे मार्ग आपल्या जुन्या शास्त्रकारांनी मान्य केले, त्यांत डोळ्यांनी पाहणे आहे, खुणेवरून अनुमान करणे आहे, आणि विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून जाणणेही आहे. अशा विश्वासू माणसाला त्यांनी ‘आप्त’ म्हटले. व्यवहारात हा शब्द आपण सोयऱ्याधायऱ्यांवर खर्च करून टाकला. मुळात मात्र ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आणि जो ती तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. या व्याख्येतला पहिला अर्धा भाग फार अवघड आहे. सचोटीचा माणूसही अनुमानाला प्रत्यक्ष समजून बसतो, आणि आपल्या सचोटीमुळेच लोकांना सोबत घेऊन चुकतो. ही गोष्ट ज्याच्या एकदा ध्यानात आली, त्याला पुढे स्वस्थ बसवत नाही. हिलेल कोर्लेकर यांच्या वाट्याला ही अस्वस्थता १९६६ सालच्या एका रविवारी दुपारी आली.

हिलेल मूळचे कोर्लईकडचे, कोकणातल्या यहुद्यांच्या, म्हणजे बेने इस्राएली, घराण्यातले. मुंबईच्या गोदीत मालाच्या याद्या लिहिण्यात सतरा वर्षे घालवून ते १९५८ साली पत्नी सिमाबाईंसह लंडनला आले. एजवेअरला एका घराच्या वरच्या मजल्यावर दोघे राहत. सिमाबाई एका हॉस्पिटलच्या कपड्यांच्या कोठारात काम करीत, आणि हिलेल रोज भुयारी रेल्वेने सिटीत, लंडनच्या व्यापारी पेठेत, जात. तिथे एका जहाज कंपनीच्या प्रवासी खात्यात ते कारकून होते. कंपनीची जहाजे लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून निघून लिस्बनमार्गे ब्राझीलला जात. हिलेल यांचे अक्षर दाणेदार होते, आणि पत्त्यातला आकडासुद्धा दोनदा पडताळल्याशिवाय ते पुढे पाठवीत नसत. खात्यात ‘कोर्लेकरांनी पाहिलंय’ एवढे सांगितले की पुढचा माणूस कागद उघडूनही पाहत नसे.

याच लौकिकामुळे ते काम त्यांच्याकडे आले. प्रवाशांना देण्याच्या माहितीपत्रकात हवामान होते, टपाल होते, उन्हासाठी टोपी न्यावी हेही होते. पण ब्राझीलला उतरल्यावर खावे काय, याबद्दल अक्षर नव्हते. खात्याचे प्रमुख मिस्टर हॅलोवेल एके दिवशी त्यांच्या टेबलापाशी थांबून म्हणाले, “मिस्टर कोर्लेकर, तुम्ही पूर्वेकडचे. चवीचं तुम्हाला कळतं. तुम्हीच लिहा.”

“सर, ब्राझील पश्चिमेला आहे,” हिलेल म्हणाले. पण तोवर हॅलोवेलसाहेब चहाला निघून गेले होते.

चार महिने हिलेल यांनी दुसरा विचार केला नाही. वाचनालयातली प्रवासवर्णने त्यांनी चाळली, जहाजांवरच्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली, परतलेल्या प्रवाशांना काउंटरवर गाठून प्रश्न विचारले. काळ्या घेवड्यात डुकराचे कान, शेपटी आणि खारवलेले मांस घालून तासन् तास शिजवलेली फेजोआदा शनिवारी दुपारी खातात, हे लिहिताना त्यांना हसू आले; जे आपण कधीच खायचे नाही, ते तिथले लोक नेमके आपल्या शाबाथच्या, पवित्र विश्रांतीच्या, दिवशी खातात. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच्याच पिठाचे आणि चीजचे गरम गोळे, म्हणजे पाव-दि-केजो. त्याच कंदाचा रवा लोण्यावर परतून ताटात सगळ्यावर भुरभुरायचा, ती फारोफा. खोबऱ्याची वडी तिकडेही आहे, तिला कोकादा म्हणतात. चवळी भिजवून, सोलून, वाटून तिचे वडे तांबड्या पामतेलात तळतात, ते अकाराजे. अशा अठरा पदार्थांची यादी झाली.

मग त्यांना एक कल्पना सुचली. या मार्गाने जाणाऱ्यांत यहुदी प्रवासी पुष्कळ असत. डुक्कर आणि बिनखवल्यांचे जलचर ज्यांना वर्ज्य, त्यांनी निर्धास्त खावे अशा पदार्थांपुढे एक लहान वर्तुळ छापावे. हॅलोवेलसाहेबांना हे फार आवडले. आणि इथेच हिलेल यांच्या हातून ती चूक झाली, जी कोर्लईच्या बेने इस्राएली घरात वाढलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकली असती.

त्यांच्या घरात मांस आणि दूध कधी एका भांड्यात आले नाहीत. तशी आज्ञाच आहे. म्हणून कोंबडीला दाटपणा आणायचा तर नारळाचे दूध, सणाच्या ताटातले गोडही नारळाच्या दुधात, कारण ते मांसानंतर चालते. आई नारळ पिळताना म्हणे, ‘हे दूध कुणाचं काही मोडत नाही.’ ब्राझीलच्या बाहिया प्रांताबद्दल वाचताना हिलेल यांना पानोपानी तेच दिसू लागले. मासा नारळाच्या दुधात, तो मोकेका. काजू, शेंगदाणे, पाव आणि नारळाचे दूध एकत्र घोटलेला वातापा. कोंबडी नारळाच्या दुधात, ती शिनशिम. गाईच्या दुधाचा थेंब नाही. पोर्तुगालमधून हाकललेले यहुदी त्या किनाऱ्याला लागले होते, हे तर इतिहासात आहेच. त्यांनीच ही रीत मागे ठेवली असणार, असे त्यांच्या मनाने घेतले. पाच हजार मैलांवर आपली आई कुणाच्या तरी स्वयंपाकघरात नारळ पिळत आहे, असा तो आनंद होता. त्या भरात त्यांनी नारळाच्या दुधाच्या प्रत्येक पदार्थापुढे, आणि बाहियाच्याच चवळीच्या अकाराजेपुढे व भेंडीच्या कारुरूपुढेही, वर्तुळ काढले.

“चाखल्याशिवाय मीठ बरोबर आहे म्हणणारा नवरा मिळाला मला,” सिमाबाई म्हणाल्या.

“पुस्तकात सगळं दिलंय, सिमा.”

“पुस्तक काय जेवायला बसलं होतं तिथे?”

आठ हजार प्रती छापल्या गेल्या.

त्या वर्षी सुक्कोथचा, म्हणजे मांडवांचा, सण आटोपल्यावर इमॅन्युएल नाना नांदगावकर ब्राझीलला निघाले. नाना अडुसष्ट वर्षांचे, विधुर. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन लंडनला आलेले. तिथल्या मूठभर बेने इस्राएलींच्या प्रार्थना तेच चालवीत. हिलेल यांना लहानपणी हिब्रू अक्षरे त्यांनीच शिकवली होती. त्यांची धाकटी मुलगी ईवा ब्राझीलमधल्या सांतोसला दिली होती, आणि सहा वर्षांत त्यांनी तिला पाहिले नव्हते. आयुष्यात एकदाही वर्ज्य पदार्थ नानांच्या ओठांना लागलेला नव्हता. युद्धात सैन्याच्या वर्कशॉपमध्ये असताना त्यांनी अकरा महिने डाळ आणि बिस्किटांवर काढले होते, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. नाना स्वतः ती कधी सांगत नसत.

तिकीट न्यायला ते काउंटरवर आले, तेव्हा हिलेल यांनी पत्रक त्यांच्या हातात ठेवले.

“जहाजावर मी उकडलेली अंडी आणि पाव खाणार,” नाना म्हणाले. “चौदा दिवस. पलीकडे पोचेपर्यंत मीच कवचात जाऊन बसेन.”

“आधी बाहियाचं बंदर लागेल, नाना. जहाज तिथे दोन दिवस थांबतं. ही गोल खूण पाहा आणि पोटभर जेवा.”

“तू खाल्लंयस?”

“नाही. पण नारळाचं दूध आहे, नाना. आपल्यासारखंच.”

नानांनी चष्मा वर करून त्यांच्याकडे पाहिले. “तुझा शब्द आहे ना? मग झालं.” पत्रकाची घडी करून त्यांनी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले.

जहाज मंगळवारी सुटले. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सिमाबाईंनी आपल्यासोबत काम करणाऱ्या झुरेमाला जेवायला बोलावले. झुरेमा मूळची बाहियाची. एका इंग्रज खलाशाशी लग्न करून इकडे आलेली, सदा हसतमुख, आणि इंग्रजी आपल्याच चालीने बोलणारी. सिमाबाईंनी नारळाच्या दुधातला मासा केला होता. झुरेमाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. हिलेल यांना वाटले, आपला सिद्धांत सिद्ध झाला.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण आजाऱ्याचं वाटतं. थांबा.” आणि तिने पिशवीतून बहिणीने पाठवलेली एक पुडी काढून उघडली.

पुडी उघडताच हिलेल यांचा हात ताटावर थांबला. तो वास ते कोर्लईपासून ओळखत होते. शेजारच्या कोळ्यांच्या अंगणात चटईवर वाळत पडणारे सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी. आई त्या बाजूची खिडकी लावून घेई. सिमाबाईंनी हसत हसत पुडी बंद करून झुरेमाच्या पिशवीत परत ठेवली आणि आपल्याला हे का चालत नाही ते तिला समजावले.

“हे कशात घालतात तुमच्याकडे?” हिलेल यांनी विचारले.

“कशात नाही?” झुरेमा म्हणाली. “वाटून घालतात. दिसत नाही.”

हिलेल यांनी उठून पत्रक आणले. सिमाबाई एकेक नाव वाचीत गेल्या आणि झुरेमा बोटांवर मोजत गेली. वातापा? त्यात मूठभर. शिनशिम? कोंबडी आहे, म्हणून कमी, पण आहेच. भेंडीचा कारुरू? त्यात तर आधी हेच. अकाराजे? “वडा तुमचा, सेन्योर. पण वडा चिरून आत वातापा भरतात, वर अख्खे सोडे ठेवतात. नुसता वडा कोण खाणार?” मोकेका तेवढा कधी सुटतो, म्हणाली, विचारून खावा.

“मग पुस्तकात हे कुणीच कसं लिहिलं नाही?”

“बाहियात हे मिठासारखं आहे. मीठ कुणी लिहितं का?” असे म्हणून ती हसली, आणि हिलेल यांचा चेहरा पाहून हसायची थांबली. “कुणी खाल्लं का?”

“अजून नाही,” हिलेल म्हणाले. “परवा खातील.”

त्या दुपारी ते एजवेअरच्या रस्त्यांवरून चालत राहिले. रविवार असल्यामुळे दुकाने बंद होती. दोनदा ते पोस्टाच्या कुलूपबंद दारापाशी जाऊन आले, जणू दुसऱ्या खेपेला ते उघडे सापडेल. नानांनी आपणहून काही खाल्ले असते तर ती नानांची बाब होती. पण ते आपल्या वर्तुळावर बोट ठेवून जेवायला बसणार होते. अडुसष्ट वर्षे सांभाळलेली गोष्ट एका शब्दाने मोडणार होती, आणि तो शब्द आपला होता.

सोमवारी पोस्ट उघडताच त्यांनी जहाजावर रेडिओने जाणारी तार केली. ‘वातापा, शिनशिम, कारुरू, अकाराजे खाऊ नका. सोडे असतात. चूक माझी. हिलेल.’ खिडकीतल्या बाईने विदेशी नावे तीन वेळा विचारून घेतली.

कचेरीत पोचल्यावर त्यांना हायसे वाटायला हवे होते. भिंतीवरच्या नकाशात जहाजाचे लहान निशाण बाहियापासून दोन बोटांवर होते, आणि तार त्याच्या आधी पोचणार होती. तरी ते टेबलावर बसू शकेनात. अकराच्या सुमारास काउंटरवर स्टॅमफर्ड हिलची एक वृद्ध यहुदी बाई आली. हॅलोवेलसाहेब स्वतः तिला पत्रक दाखवीत होते. “ही गोल खूण पाहिलीत, मॅडम? आमच्या मिस्टर कोर्लेकरांनी स्वतः पडताळलेली आहे.” बाई हिलेल यांच्याकडे वळून म्हणाली, “गॉड ब्लेस यू.”

हिलेल उठले आणि काउंटरपाशी आले. “मॅडम, ते पत्रक परत द्या. सर, ती वर्तुळं चुकली आहेत. मी पडताळली नव्हती.”

हॅलोवेलसाहेबांनी त्यांना आत नेले. सोडे, नारळाचे दूध, कोर्लईचे स्वयंपाकघर, सगळे त्यांनी निमूटपणे ऐकून घेतले. त्यातले किती समजले कोण जाणे.

“किती प्रती गेल्या?”

“तीन हजार, सर.”

“म्हणजे पाच हजार उरल्या. पेन घ्या आणि वर्तुळं खोडा. तुमच्या हातानं. आणि मिस्टर कोर्लेकर, यापुढे तुमच्या कागदावर मी माझी सही करीन, पण आधी वाचून.”

हे शेवटचे वाक्य हिलेल यांना नोकरी जाण्याहून अधिक लागले. तीन आठवडे ते रोज खोडत बसले. मंगळवारी निशाण बाहियावर आले, गुरुवारी पुढे सरकले. नानांची खबर नव्हती. तारेला उत्तर आले नाही. ते सिमाबाईंना विचारीत, “तार मिळाली असेल ना?” आणि त्या म्हणत, “तुम्ही मला सहाव्यांदा विचारताय. मी काय जहाजावर आहे?” शाबाथला प्रार्थना म्हणताना हिलेल यांच्या ओळी चुकत. तिथे नानांची खुर्ची कोणी बाजूला केली नव्हती.

नोव्हेंबरच्या अखेरीस सांतोसहून नानांचे पत्र आले. ईवा बरी आहे, नातू अवखळ आहे, असा मजकूर ओलांडून हिलेल खाली आले.

‘तुझी तार सोमवारीच मिळाली,’ नानांनी लिहिले होते. ‘केबिनच्या दाराखालून आत सरकवली. तार म्हणजे कुणीतरी गेलं, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. मी विचार केला, वाचली तर सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसावं लागेल, आणि जहाजात जमीन कुठली? न वाचलेलं दुःख धर्माच्या कायद्यात मोजत नाहीत. म्हणून ती पुस्तकात तशीच ठेवली, मंगळवारी उतरलो, तुझी खूण दाखवून वातापा मागितला. चौदा दिवसांच्या अंड्यांनंतर दोनदा मागितला. मग धीर करून, झाडाखाली बसून तार फोडली. कोणी मेलं नाही हे वाचून आधी देवाचे आभार मानले. नंतर पुढचं वाचलं.’

पुढच्या ओळी पेनावर जोर देऊन लिहिलेल्या होत्या. ‘दुसऱ्या दिवशी उपास केला. माझ्याकडून जे व्हायचं ते झालं. तू खोटं बोलला नाहीस, हिलेल, पण मी विचारलं तेव्हा तू ‘नाही’ म्हणून थांबायला हवं होतंस. ‘पण’ म्हणालास, आणि मीही त्या ‘पण’वर जेवलो. चवीचं मात्र मला विचारू नकोस.’

सिमाबाई पत्र ऐकून हसल्या, मग पदराने डोळे पुसू लागल्या. हिलेल यांना दोन्ही जमले नाही.

नाना उन्हाळ्यात परतले. हिलेल यांनी पुढच्याच रविवारी त्यांना घरी बोलावले. झुरेमाने सिमाबाईंच्या भांड्यात, सिमाबाईंच्या डोळ्यांसमोर, सोड्यांशिवाय वातापा रांधला. खारेपणासाठी खवल्यांचा सुका मासा वाटून घातला. हिलेल यांनी आधी स्वतः चाखला आणि मग वाढला. नानांनी दोन घास सावकाश खाल्ले.

“चांगला आहे,” ते म्हणाले. मग ताटाकडे पाहत, “हा तो नव्हे.”

“नाना, मला माफ करा.”

“माफ केव्हाच केलंय. आठवण जात नाही, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार? वाढ आणखी.”

त्यांच्या मनात राग नव्हता, हे हिलेल यांना कळत होते. त्यामुळेच त्यांची तगमग शमली नाही. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. ज्याने सारे माफ करून एक चव जन्मभर वागवायची ठरवले, त्याच्यासाठी करण्यासारखे काही उरत नाही. मग जे करण्यासारखे होते, ते हिलेल करू लागले. त्यांनी जाड कागदाची कार्डे आणली. एका कार्डावर एक पदार्थ; त्यात काय काय पडते, न दिसणारेसुद्धा; हे कोणी सांगितले, त्याचे गाव, तारीख. आणि सगळ्यांत खाली दोहोंपैकी एक: ‘स्वतः चाखले’ किंवा ‘चाखले नाही’.

पुढे प्रवासी जहाजे बंद झाली. लोक विमानाने जाऊ लागले आणि हिलेल एका ट्रॅव्हल एजन्सीत बसू लागले. तिथेही ब्राझीलला जाणारा कोणी आला की ते कार्ड काढीत. लोकांना घाई असे. “थोडक्यात सांगा ना, काय खायचं?” असे कोणी म्हणाले, की हिलेल म्हणत, “थोडक्यात एकदा सांगून बसलोय.” कुठल्याही बाहियन खलाशाची, स्वयंपाकिणीची, विद्यार्थ्याची बातमी लागली की ते सुट्टीच्या दिवशी ट्रेनने तिकडे जात. एकदा मेडनहेडला एका बाईने त्यांच्यासाठी कोकादा करून ठेवला होता. त्यांनी आधी कढईत काय होते ते विचारले, आणि ती रागावली. ते बाहेर फुटपाथवर तासभर उभे राहिले, तिचा राग गेल्यावर परत दार वाजवले, उत्तर लिहून घेतले आणि मगच खाल्ले. सिमाबाई म्हणत, “या माणसाला घास गोड लागत नाही, तपशील गोड लागतो.” ते खरे नव्हते, आणि हे सिमाबाईंनाही ठाऊक होते.

नाना १९७३ साली गेले. पुढची सहा वर्षे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी हिलेल उभे राहत. कोणी धर्माचा बारीकसा प्रश्न विचारला, तर ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो,’ म्हणत, आणि खरोखर विचारून सांगत. त्याला कधी महिना लागे.

हिलेल कोर्लेकर १९७९ साली एजवेअरला वारले. त्यांच्या मागे सिमाबाई आहेत, आणि दोनशे सव्वीस कार्डे आहेत. त्यांपैकी एकशे नव्वदांवर ‘चाखले नाही’ असे लिहिले आहे.